लिस्बनमध्ये आईचा हात मोडला तेव्हा: एका प्रवास विम्याचा अनुभव

आईचा उजवा हात आता ओली चादर पिळण्याइतका बरा झालाय आणि विमा कंपनीकडून यायची शेवटची रक्कमही खात्यात जमा झाली आहे. या दोन्ही गोष्टी झाल्याशिवाय लिहायचं नाही, असं ठरवलं होतं. मी डिचोलीला एका क्रेडिट सोसायटीत कर्जाच्या टेबलावर बसते. लोकांचे कागद तपासणं हे माझं रोजचं काम, तरीही या पॉलिसीच्या कागदांनी मला तीन महिने झुंजवलं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. दोन-तीन कंपन्यांच्या पॉलिसी शेजारी ठेवून वाचल्या तेव्हा अटी जवळपास सारख्याच निघाल्या. त्यामुळे नाव बघून घेण्यापेक्षा अटी बघून घ्याव्यात असं माझं मत झालंय. युरोपात आईवडिलांना नेणाऱ्या गोंयकारांना त्या अटी प्रत्यक्षात कशा लागतात ते कळावं, म्हणून सविस्तर लिहिते.

माझा धाकटा भाऊ लिस्बनला असतो. बाबांचा जन्म 1961 च्या आधीचा, पोर्तुगीज राजवटीतला, म्हणून त्यांची नोंद तिकडे करून त्याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला, तसा आपल्याकडे घराघरांतून काढतात. बाबा गेल्यापासून आई घरातून फारशी हललीच नव्हती. वय 68, रक्तदाब आणि साखर दोन्हींच्या गोळ्या चालू. 2024 चा दसरा झाला की निघायचं आणि दिवाळीला परत यायचं, असं ठरलं.

व्हिसासाठी पणजीला अर्ज केला. फी त्याच वर्षी जूनमध्ये 80 ची 90 युरो झाली होती. शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाला, विमा सक्तीचा असतो: किमान 30,000 युरोंचं संरक्षण, शेंगेनच्या सगळ्या देशांत आणि मुक्कामाच्या पूर्ण काळात लागू. त्यात तातडीचे उपचार, तातडीने दवाखान्यात दाखल होणं, आजारी माणसाला मायदेशी आणणं आणि मृत्यू झाल्यास देह आणणं, हे सगळं यावं लागतं. आमच्या ट्रॅव्हल एजंटाने तिकिटांबरोबर विमाही सुचवला. स्वस्त होता. ‘व्हिसाला एवढा पुरतो’ हे त्याचं म्हणणं खरंच होतं, व्हिसाला तो पुरला असता. मी त्याच्याकडून अटींची पूर्ण पुस्तिका मागून घेतली आणि रात्री जेवणं झाल्यावर वाचायला बसले.

आकडा 50,000 डॉलरचा होता, म्हणजे 30,000 युरोंच्या वर. पण आत साठ वर्षांवरच्यांसाठी वेगळी पोटमर्यादा होती. खोलीला रोज इतकेच, सर्जनला इतकेच, अतिदक्षता विभागाला इतकेच. हे पहिल्या पानावर कुठेही नव्हतं, चौदाव्या पानावर एका चौकटीत होतं. पोटमर्यादा नसलेला दुसरा प्लॅन आईसाठी 3,140 रुपयांना मिळाला, साधारण 600 रुपये जास्त देऊन. माझ्यासाठी 1,060 रुपये पडले. पूर्ण प्रवासात मी केलेला सगळ्यात शहाणपणाचा खर्च म्हणजे हे 600 रुपये, असं मला अजून वाटतं. ते जास्तीचं संरक्षण आम्हांला वापरावं लागलं नाही ही देवाची कृपा.

फॉर्ममध्ये प्रश्न होता: आधीपासूनचा कुठला आजार आहे का? एजंट म्हणाला, “‘नाही’ लिहा, उगाच भानगड नको.” मी ‘आहे’ लिहिलं. रक्तदाब किती वर्षं, साखर किती वर्षं, गोळ्यांची नावं, सगळं. प्रीमियम एका रुपयाने वाढला नाही. पॉलिसीवर फक्त एक ओळ आली, की या आजारांचा खर्च जिवावर बेतलं तरच मिळेल. ते मला मान्य होतं. या एका ‘आहे’ने पुढे काय केलं ते सांगते.

मोपाहून दोहा आणि दोहाहून लिस्बन. आईने बॅगेत सोलं, कुळीथ आणि भावाच्या आवडीचे तांदळाचे पापड भरले होते. पहिले चार दिवस छान गेले. ती राधाकृष्णाच्या देवळात जाऊन आली, तिथल्या गुजराती बायकांशी हिंदीत तासभर बोलत बसली.

19 ऑक्टोबर, शनिवार. सकाळी पाऊस पडून गेला होता. लिस्बनचे फुटपाथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या लहान लहान दगडांचे असतात. शंभर वर्षं पायांखाली घासून ते गुळगुळीत झालेले असतात आणि ओले झाले की शेवाळलेल्या तळीच्या पायऱ्यांसारखे सटकतात. मार्तिम मोनिझजवळ भाजी घेऊन आम्ही उतारावरून येत होतो. आईचा पाय सरकला आणि तिने उजवा हात टेकला. आवाज असा काही झाला नाही. ती बसली, हाताकडे बघितलं आणि अगदी शांतपणे म्हणाली, “हात मोडलो दिसता गो.” मनगट जेवणाच्या काट्याच्या वळणासारखं वाकलं होतं.

भावाने आधी 808 24 24 24 हा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ल्याचा नंबर लावला. जीव धोक्यात असेल तर थेट 112, तो पूर्ण युरोपात चालतो आणि फुकट लागतो. फोनवरच्या नर्सने दवाखान्यात जा म्हणून सांगितलं. सरकारी दवाखान्यात गेलात की आधी रंगाची पट्टी मनगटाला बांधतात. लाल म्हणजे लगेच, केशरी दहा मिनिटांत, पिवळी तासाभरात, हिरवी दोन तासांत. हे ठरवलेले वेळ, गर्दीच्या दिवशी ते पाळले जातातच असं नाही, भाऊ एकदा पिवळी पट्टी बांधून पाच तास बसला होता.

तो त्याच्या फोनवर बोलत असताना मी विम्याच्या मदत क्रमांकावर फोन लावला. इथे कंपनीला पूर्ण गुण. चौथ्या मिनिटाला माणूस मिळाला, त्याने पॉलिसी नंबर घेतला, आई शुद्धीवर आहे का, डोक्याला मार लागला का हे विचारलं, जवळच्या खासगी दवाखान्याचं नाव दिलं आणि लगेच ईमेलवर क्लेम नंबर पाठवला. पण एक गोष्ट स्पष्ट सांगितली: दाखल करून घेतलं तरच कॅशलेस, ओपीडीचे पैसे आधी तुम्ही भरायचे. डिचोलीत मी ‘कॅशलेस’ हा शब्द वाचला होता, दाखल होण्याची अट त्याच ओळीत पुढे होती. मी ती वाचूनही मनात धरली नव्हती. भावाचं कार्ड होतं म्हणून निभावलं. फक्त म्हातारा-म्हातारी सहलीला गेलेली असती आणि कार्डात पैसे नसते तर?

खासगी दवाखान्यात तासाभरात एक्स-रे झाला. मनगटाजवळचं हाड मोडून सरकलेलं. बोटं सुजायला लागली होती आणि आईच्या अनामिकेत बाबांनी दिलेली अंगठी रुतत चालली होती. कापावी लागेल म्हटल्यावर आईचा चेहरा उतरला. मग एका नर्सने जाड दोरा घेतला, एक टोक अंगठीखालून ओवलं, बाकीचा दोरा बोटाला पेरापर्यंत घट्ट एकाशेजारी एक असा गुंडाळला आणि खालचं टोक धरून उलटा सोडत सोडत अंगठी वर सरकवली. तीन मिनिटं लागली. अंगठी आईच्या डाव्या तळहातावर ठेवून ती काहीतरी पोर्तुगीजमध्ये बोलली आणि आईने तिच्या गालाला हात लावला. ती बाई मला जन्मभर आठवेल.

हात बधिर करून हाड बसवलं, प्लॅस्टर घातलं. बिल असं होतं: तपासणी 105 युरो, पहिला एक्स-रे 58, हाड बसवणं आणि प्लॅस्टर 236, नंतरचा एक्स-रे 38. एकूण 437 युरो. 26 तारखेला पुन्हा दाखवायला गेलो, त्याचे तपासणी 90 आणि एक्स-रे 38. औषधं आणि हाताची झोळी मिळून 31 युरो 40 सेंट. म्हणजे दाखल न होता, शस्त्रक्रिया न होता, मोडलेल्या मनगटाला पन्नास हजार रुपयांच्या वर. बाहेर बाकावर बसून आई म्हणाली, घरी असतो तर बांबोळीच्या सरकारी दवाखान्यात कार्डावर भागलं असतं. ते गोवा सरकारच्या आरोग्य विम्याचं दीनदयाळ कार्ड लिस्बनला कसं चालणार?

इथे एक गैरसमज दूर करायचा आहे, कारण आमच्याच वाड्यावर तो तीन माणसांनी मला ऐकवला. “मुलाकडे पोर्तुगीज पासपोर्ट, मग आईला तिकडे फुकट नाही?” नाही. पोर्तुगालची सरकारी आरोग्यसेवा तिथे राहून नोंद झालेल्यांसाठी आहे. युरोपभर चालणारं युरोपियन हेल्थ इन्शुरन्स कार्डसुद्धा पासपोर्टवर मिळत नाही, तिथल्या एखाद्या देशाच्या सामाजिक सुरक्षेत तुमचा विमा असावा लागतो. भावाचा पगारातून कापला जातो म्हणून त्याच्याकडे ते आहे. पोर्तुगीज पासपोर्ट काढून डिचोलीतच राहणारा माझा चुलतभाऊ उद्या लिस्बनला फिरायला गेला तर त्यालाही ते कार्ड नाही. व्हिसा लागत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी विमा मागणारही नाही. मला या लोकांची जास्त काळजी वाटते.

दिवाळीला घरी आलो. 8 नोव्हेंबरला क्लेम पाठवला. फॉर्म, बिलं, पावत्या, डॉक्टरांचा अहवाल, पासपोर्टवरचे येण्याजाण्याचे शिक्के, बँकेचा रद्द केलेला चेक. मला वाटलं, माझ्याइतके नीट लावलेले कागद कोणी पाठवले नसतील. 27 नोव्हेंबरला उत्तर आलं: अहवाल पोर्तुगीजमध्ये आहे, इंग्रजी भाषांतर द्या. आणि अहवालात रक्तदाब व मधुमेहाची नोंद आहे, तेव्हा चक्कर येऊन पडल्या का ते कळवा, जुनी प्रिस्क्रिप्शनं जोडा.

भाषांतरासाठी गोव्यात असण्याचा फायदा झाला. म्हापशाला एक वयस्क वकील आहेत, जमिनीच्या जुन्या पोर्तुगीज दस्तऐवजांची भाषांतरं करतात. त्यांनी दोन पानांचे 1,200 रुपये घेतले, सही-शिक्क्यासह. आजाराच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या त्या ‘आहे’ने दिलं. कंपनीला मी लिहिलं, की दोन्ही आजार तुमच्याच फॉर्मवर तारखेसकट जाहीर केलेले आहेत, दवाखान्यात तपासलेली साखर आणि रक्तदाब अहवालात आहेत, दोन्ही ठीक होते, पाय ओल्या दगडावर सरकला. ‘नाही’ लिहिलं असतं आणि अहवालात त्या दोन आजारांची नावं निघाली असती तर माहिती लपवली म्हणून पूर्ण क्लेम फेटाळायला त्यांच्या हाती कारण गेलं असतं. आमच्या सोसायटीत कर्जाच्या अर्जावर दुसरं कर्ज लपवणाऱ्याचं काय होतं ते मी रोज बघते.

वाटलं, संपलं. 20 डिसेंबरला नवीन प्रश्न: “पेशंट किती उंचीवरून पडली?” मला कळेचना. भाषांतर काढून बघितलं, तर तिथे ‘उंचीवरून पडणे’ असं आलं होतं. मूळ अहवालात शब्द होते ‘केदा दा प्रॉप्रिया आल्तुरा’. शब्दशः अर्थ स्वतःच्या उंचीवरून पडणं. तिकडचे डॉक्टर हा शब्दप्रयोग चालता-चालता, उभ्या-उभ्या पडण्यासाठी वापरतात. वकीलसाहेबांचा हात विक्रीखतांवर आणि वारसाहक्काच्या कागदांवर बसलेला, दवाखान्याची भाषा त्यांच्या समोर कधी आली नव्हती. त्यांनी मला घरी बोलावलं, जाडजूड शब्दकोश उघडून खात्री केली, नवीन कागद करून दिला आणि माफी मागितली. पैसे घेतले नाहीत. तुमच्यावर अशी वेळ आली तर वैद्यकीय अहवाल तिकडेच, डॉक्टरांकडून इंग्रजीत मागून घ्या. त्या दिवशी काउंटरवर मागितला असता तर त्यांनी दिला असता, भावाने नंतर विचारलं तेव्हा त्यांनी तसं सांगितलं.

22 जानेवारी 2025 ला पैसे आले. 34,615 रुपये. हिशेब मागवला. दोन भेटींचे 565 युरो 91 रुपयांच्या दराने 51,415 झाले. त्यातून वजावटीचे, म्हणजे अटींप्रमाणे आपणच सोसायचे, 100 डॉलर म्हणजे 8,400 रुपये कापले होते, तेही दोनदा. एकदा 19 तारखेसाठी, एकदा 26 तारखेसाठी. औषधांचे 31 युरो 40 पूर्ण नामंजूर, कारण पावतीवर आईचं नाव नाही.

औषधांबद्दल माझी तक्रार नाही, चूक आमची. पोर्तुगालात कुठलीही खरेदी करा, काउंटरवर ‘कोंत्रिबुइंत?’ म्हणून करदात्याचा नंबर विचारतात. तो सांगितला नाही तर पावतीवर नुसतं ‘अंतिम ग्राहक’ छापून येतं. भावाने सवयीने स्वतःचा नंबर सांगितला आणि पावती त्याच्या नावावर निघाली. औषधाच्या दुकानात पेशंटचं नाव पासपोर्टप्रमाणे घालायला सांगायचं आणि पावती हातात घेतल्यावर तिथेच वाचायची.

दोनदा कापलेल्या वजावटीवर मात्र मी गप्प बसले नाही. पुस्तिकेच्या एकोणिसाव्या पानावर लिहिलं होतं, की वजावट प्रत्येक आजाराला किंवा दुखापतीला एकदा. हात एकच मोडला होता. दुसरी भेट त्याच प्लॅस्टरची. मी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला एका पानाचं पत्र लिहिलं, त्या ओळीखाली रेघ मारून पान जोडलं आणि शेवटी लिहिलं, की 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर मी विमा लोकपालाकडे जाईन. विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी हा लोकपाल ऐकतो, तिथे वकील लागत नाही आणि फीही नाही. 14 फेब्रुवारीला 8,400 रुपये जमा झाले. पत्राला उत्तर म्हणून एक ओळही आली नाही. चूक झाली, एवढं लिहिलं असतं तर या कंपनीबद्दल माझं मत आज अधिक चांगलं असतं.

एकूण 43,015 मिळाले. पदरचे साधारण साडेबारा हजार गेले, भाषांतर धरून. फोनवरची मदत उत्तम, क्लेम विभाग संथ आणि डोळ्यांत तेल घालून बसल्याशिवाय पूर्ण पैसे न देणारा. तरी पुढच्या वेळी मी हाच प्लॅन घेईन. मनगटाचं पन्नास हजारांत निभावलं. खुब्याचं हाड असतं तर शस्त्रक्रिया, आठवडाभर खाट आणि नर्ससोबत परतीचा प्रवास, याचा हिशेब मी एका रात्री मांडून बघितला होता आणि अर्ध्यावर सोडला.

आता मावशी मे महिन्यात मुलीकडे ब्रिटनमध्ये स्विंडनला निघाली आहे. आमची पॉलिसी फक्त शेंगेनची होती, ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिथे ती चालली नसती. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाला विमा सक्तीचा नाही, म्हणून आपल्याकडची कितीतरी माणसं तशीच जातात आणि ‘तिकडे सगळं फुकट’ असं धरून चालतात. तिकडे अपघात विभागात तपासणी फुकट होते हे खरं. पण तिथून वॉर्डात दाखल केलं की आपल्यासारख्या पाहुण्यांना ठरलेल्या दराच्या दीडपट बिल लागतं, म्हणजे 150 टक्के. आणि 500 पौंडांच्या वर बिल थकलं तर पुढचा व्हिसा नाकारला जाऊ शकतो. मुलगी तिकडे, नातवंडं तिकडे, आणि व्हिसा बंद.

रविवारी मावशी आमच्याकडे आली तेव्हा तिचा फॉर्म मीच भरला. थायरॉइडची गोळी, रक्तदाबाची गोळी, 2019 साली गुडघ्याचं झालेलं ऑपरेशन. “हें सगळें बरोवंक जाय?” हे सगळं लिहायला हवं का, असं तिने विचारलं. आईने प्लॅस्टर निघालेला हात पुढे करून तिला तो फिरवून दाखवला, अजून पूर्ण वळत नाही. मदत क्रमांक मी मोठ्या अक्षरांत छापून घेतला आणि एक प्रत तिच्या पासपोर्टात, एक चष्म्याच्या डबीत घातली.